घरी घासलेल्या सिलिंडर हेडची वायुपरीक्षा

(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंदाच्या संमेलनात यंत्रविषयावर काही बोलावे अशी कार्यकारी मंडळाने आम्हांस आज्ञा केली व विषयाची निवड आमच्यावरच सोपविली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ लेथ, मोटारदुरुस्ती आणि सुट्या भागांचा व्यापार यांवर चालतो. आणि गेल्या काही वर्षांत याच कुटुंबांतील तरुण मुले मोटारसायकलींची सिलिंडर हेडे घरच्या घरी घासू लागली आहेत, हे आपण सारेच पाहत आहोत. कोणी शर्यतीच्या हौसेने, कोणी गिऱ्हाइकाच्या आग्रहाने, तर कोणी केवळ ‘याने गाडी पळते’ असे ऐकून. या उद्योगाची निंदा करण्यासाठी आम्ही उभे नाही. हातात कानस धरणाऱ्या मुलाची निंदा आपल्या घरांत कधी झाली नाही, आणि होऊही नये. परंतु घासून झाल्यावर ते हेड सुधारले की बिघडले हे कशावरून ठरवावयाचे, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी कोणी विचारीतच नाही. त्याविषयीच आज बोलावे असे आम्ही योजिले आहे.

ज्यांचा यंत्रांशी नित्य संबंध येत नाही त्यांच्यासाठी प्रथम थोडा खुलासा केला पाहिजे. इंजिन हे एका अर्थी आपल्या जुन्या भात्याचेच भावंड. पिस्टन खाली जातो तेव्हा हवा व पेट्रोल आत ओढले जाते, वर येताना ते दाबले जाते, ठिणगीने पेटते, आणि जळका धूर बाहेर लोटला जातो. हेड म्हणजे सिलिंडरवरचे झाकण. त्यात हवा आत येण्याचा एक बोळ आणि धूर बाहेर जाण्याचा दुसरा; प्रत्येकाच्या तोंडाशी व्हॉल्व्हचे दार. या बोळास पोर्ट म्हणतात, आणि तो घासून, वळणे सुधारून हवेची वाट मोकळी करणे म्हणजे पोर्टिंग. चुलीपुढे बसून ज्यांनी फुंकणी फुंकली आहे त्यांना सांगावयास नको की, दम तोच असला तरी नळीत राख अडकली की विस्तव फुलत नाही. इंजिनाची शक्ती पेट्रोलात असते असे लोक समजतात. पेट्रोल वाटेल तितके ओतता येते हो; ते जाळण्यासाठी लागणारी हवा मात्र या बोळातून जेवढी येईल तेवढीच.

किती हवा लागते, याचा हिशेब घरी बसून करता येतो. सर्वांच्या परिचयाची जुनी ३५० ची बुलेट घ्या. तिचा बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर, म्हणजे सिलिंडरचे आकारमान ३४६ घनसेंटिमीटर. मिनिटाला ५५०० फेऱ्यांवर प्रत्येक वेळी सिलिंडर पुरता भरावयाचा म्हटले तर मिनिटाला सुमारे ९५० लिटर, म्हणजे साडेतेहतीस घनफूट हवा हवी. परंतु चार स्ट्रोकांच्या चक्रात आत येण्याचे दार साधारण एक-तृतीयांश काळच उघडे असते. तेव्हा ते उघडे असेल तोवर हवेने मिनिटाला १०० घनफूट या हिशेबाने धावले पाहिजे. लग्नघरी हजार पानांची पंगत एकाच दाराने घटकाभरात आत घ्यावयाची असेल तर चौकट, उंबरठा आणि आतले वळण या साऱ्यांचा विचार करावा लागतो, तसेच हे आहे.

या विषयात ज्यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही असे गृहस्थ म्हणजे इंग्लंडचे हॅरी वेस्लेक (१८९७–१९७८). हेड इंजिनावर चढविण्यापूर्वी त्यातून हवा ओढून ती मोजावी, आणि मोजमाप पाहून पोर्टचा आकार ठरवावा, ही पद्धत त्यांनी १९२० च्या दशकापासून हयातभर चालविली. बेंटले मोटारींचे काम त्यांच्याकडे आले, पुढे जॅग्वारचे आले. १९४८ मध्ये प्रसिद्धीस आलेल्या जॅग्वारच्या ‘एक्सके’ इंजिनाच्या हेडमागे त्यांची बुद्धी होती. १९५१ मध्ये ऑस्टिनच्या छोट्या मोटारीत आलेल्या व पुढे १९५९ पासून ‘मिनी’त बसलेल्या ‘ए-सीरिज’ इंजिनाची हृदयाकृती ज्वलनकक्षाची रचनाही त्यांचीच. ससेक्समधील राय या लहानशा गावी त्यांचा कारखाना होता, आणि तेथे घडलेले बारा सिलिंडरांचे इंजिन घेऊन डॅन गर्नी यांनी १९६७ ची बेल्जियन ग्रां प्री स्पा येथे जिंकली. ‘मिनी’ लोकप्रिय झाल्यावर मात्र इंग्लंडात घरोघरचे हौशी लोक ड्रिलला दगड लावून तिची हेडे घासू लागले, आणि आज आपल्याकडे जो प्रश्न आहे तोच तेथे उभा राहिला: वेस्लेकसाहेबांजवळ मोजण्याचे यंत्र होते, या मंडळींजवळ फक्त हौस होती. त्यांतल्या विचारी लोकांनी व्हॅक्यूम क्लीनर आणि लाकडी पेटी यांपासून घरगुती यंत्र बनविले. तेच आम्ही आपणांपुढे ठेवीत आहोत.

प्लायवुडची एक हवाबंद पेटी करावी आणि मध्ये पडदा घालून तिचे दोन कप्पे करावेत. पडद्यात एक गोल, धारदार कडेचे छिद्र असलेली पितळी किंवा अॅल्युमिनियमची चकती बसवावी. पहिल्या कप्प्यावर हेड ठेवावयाचे. दुसऱ्या कप्प्यास व्हॅक्यूम क्लीनर जोडावयाचा, एकाने न भागल्यास दोन. म्हणजे खोलीतील हवा प्रथम हेडच्या पोर्टमधून पहिल्या कप्प्यात येते, आणि तीच हवा चकतीच्या छिद्रातून पुढे जाते. आता गवंडी पाणसळीसाठी वापरतात ती पारदर्शक नळी आणून तिचे दोन इंग्रजी ‘यू’ आकार करावेत, त्यांत थेंबभर शाई घातलेले पाणी भरावे. एक नळी खोली आणि पहिला कप्पा यांमधील दाबाचा फरक दाखवील, दुसरी दोन कप्प्यांमधील. पहिल्या नळीतील पाण्याचा फरक नेहमी एकच ठेवावयाचा, समजा १० इंच. आणि दुसरी नळी वाचावयाची. पहिलीने परीक्षेची अट कायम राहते, दुसरीने उत्तर मिळते. ओढ कमीजास्त करण्यासाठी दुसऱ्या कप्प्यास एक सरकते झाकण असलेली खिडकी ठेवावी. संध्याकाळी विजेचा दाब उतरला, मोटर मंदावली, तरी खिडकी थोडी मिटून पाणी पुन्हा १० इंचांवर आणता येते, म्हणून आपल्याकडील विजेच्या लहरीचा या परीक्षेस उपसर्ग होत नाही.

दुसऱ्या नळीतील पाणी दुप्पट चढले म्हणजे हवा दुप्पट झाली असे समजू नये. हवा दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. घासण्यापूर्वी पाणी ४ इंच होते आणि नंतर ५ इंच झाले, तर वाढ २५ टक्के नसून १२ टक्क्यांच्या जरा आतच आहे. हे वर्गमूळ न काढता जाहिरात करणारे महाभाग आढळतात.

याच वर्गमुळाचा दुसरा खेळ अधिक फसवा आहे. एक कारागीर सांगतो, ‘माझे हेड ६० घनफूट हवा देते’. दुसरा सांगतो, ‘माझे १०० देते’. गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारी जाते. परंतु पहिल्याने १० इंच पाण्याच्या ओढीवर मोजले असेल आणि दुसऱ्याने २८ इंचांवर, तर दोन्ही हेडे तंतोतंत सारखी आहेत, कारण २.८ चे वर्गमूळ १.६७, आणि ६० ला १.६७ ने गुणले की १०० येतात. मोठ्या कारखान्यांत २८ इंच हा आकडा रूढ आहे. तेवढी ओढ म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम सात टक्के, पण तीही हवेस सेकंदाला १०८ मीटरपर्यंत वेग देऊ शकते. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरला मोठ्या हेडवर ती झेपत नाही आणि झेपण्याचे कारणही नाही. १० इंचांवर मोजावे. मात्र आकडा सांगताना ‘१० इंचांवर’ हे शब्द कधीही गाळू नयेत.

पेटी खरे बोलते की नाही याची परीक्षा हेडच्या परीक्षेआधी घ्यावी. हेडच्या जागी ग्रीस लावून काचेचा सपाट तुकडा ठेवावा व मोटर चालू करावी. दुसऱ्या नळीत पाणी हलले तर कोठेतरी फट आहे. ती बुजविल्यावाचून पुढे जाणे व्यर्थ होय. नंतर काचेच्या जागी २५ मिलिमीटर व्यासाचे धारदार छिद्र असलेली दुसरी चकती ठेवावी. अशा छिद्रातून जाताना हवेचा झोत आकसतो व क्षेत्रफळाचा सुमारे ६० टक्केच भाग कामी येतो. त्या हिशेबाने १० इंचांवर तिच्यातून मिनिटाला ४० घनफुटांच्या आसपास हवा गेली पाहिजे. ही चकती जपून ठेवावी, आणि कामास बसताना व उठताना दोन्ही वेळा मोजावी. दोन आकड्यांत शेकडा एकाहून अधिक अंतर पडले तर त्या दिवसाचे सारे आकडे खोडून टाकावेत. तरुणांना हे जाचक वाटते. सोनार तराजू उघडताना प्रथम रिकामी पारडी पाहतो, ते त्याला कोणी जाचक म्हणत नाही.

हेड पेटीवर नुसते ठेवून चालत नाही. पेटी आणि हेड यांच्यामध्ये इंजिनाच्या बोअरएवढ्याच व्यासाचा नळीचा तुकडा हवा, बुलेटसाठी ७० मिलिमीटरचा. कारण व्हॉल्व्हच्या शेजारची सिलिंडरची भिंत हवेस अडवीत असते आणि ती अडवणूक परीक्षेतही असली पाहिजे. पोर्टच्या बाहेरच्या तोंडाशी मुलांच्या खेळण्यातील मातीचा बोटभर जाड गोलसर ओठ करावा; तो नसेल तर हवा धारेवरच ठेचकाळते आणि चांगले हेडही वाईट ठरते. मूळच्या जबर स्प्रिंगा काढून, व्हॉल्व्ह ओढीने आपोआप उघडणार नाही इतपत नाजूक स्प्रिंगा बसवाव्या. व्हॉल्व्हच्या दांड्यावर स्क्रू टेकवून तो एकेक मिलिमीटर दाबीत जावे, डायल गेजवर उघडझाप पाहावी, आणि प्रत्येक मिलिमीटरास पाणी लिहून घ्यावे. धुराच्या पोर्टसाठी हवा उलट दिशेने, सिलिंडरकडून बाहेर, फुंकावी लागते व तोंडाशी आखूड नळी लावावी लागते.

आता आलेखाकडे पाहू. ४० मिलिमीटर व्यासाचा व्हॉल्व्ह ३ मिलिमीटर उघडला, तर त्याच्या कडेभोवती हवेस जी वर्तुळाकार फट मिळते तिचे क्षेत्रफळ सुमारे ३७७ चौरस मिलिमीटर; तोच १० मिलिमीटर, म्हणजे व्यासाच्या चतुर्थांशाइतका, उघडला की ती फट व्हॉल्व्हच्या पूर्ण क्षेत्रफळाएवढी, सुमारे १२५७ होते. याचा अर्थ असा की, दार थोडे उघडे असताना सत्ता व्हॉल्व्हच्या सीटची असते, आणि पुरते उघडल्यावर सत्ता पोर्टकडे जाते. प्रत्येक चक्रात व्हॉल्व्ह अल्प उघडझापेतून दोनदा जातो, उघडताना आणि मिटताना. शिखरावर मात्र एकदाच पोहोचतो. म्हणून सीटच्या आसपासचा अर्धा-पाऊण इंच भाग हा साऱ्या हेडचा गाभा होय. ४५ अंशांची सीट, तिच्या वर ३० अंशांचा व खाली ६० अंशांचा पट्टा, असे तीन कोन नीट कापले तर पोर्टला हात न लावताही पुष्कळदा लाभ दिसतो.

त्यानंतरचे महत्त्वाचे स्थान म्हणजे पोर्टच्या वळणाची आतली, आखूड बाजू. नदी वळते तेथे पाणी बाहेरचा काठ कापते आणि आतल्या काठाशी गाळ साचतो. हवा तशीच बाहेरच्या बाजूने धावते, आणि आतल्या बाजूस वळण तीव्र असेल तर भिंत सोडून देऊन तेथे नुसती घोटाळत राहते. बारीक तारेच्या टोकास दोरा बांधून तो पोर्टमध्ये फिरविला असता हे डोळ्यांना दिसते: हवा भिंतीस धरून वाहते तेथे दोरा ताठ राहतो, सुटते तेथे वेडावाकडा फडफडतो. असे सुटलेल्या जागी अधिक खणणे म्हणजे वळण अधिक तीव्र करणे. बहुतेक घरगुती पोर्टिंग याच ठिकाणी फसते, कारण कानस तेथे सहज पोहोचते.

अशा एका हेडची हकिगत सांगण्यासारखी आहे. आपल्याच एका कुटुंबातील तरुणाने परगावच्या एका कारागिराकडून, नाव घेण्याचे प्रयोजन नाही, बरेच पैसे मोजून हेड घासून आणले. आत पाहिले तर आरसा! भांग पाडून घ्यावा इतकी झिलई. तरी गाडी गावात पूर्वीहून मंद चाले, आणि त्या मुलाची समजूत अशी की दोष कार्ब्युरेटरचा आहे. त्यापायी त्याने आणखी खर्च केला. आम्ही ते हेड आणि तशाच गाडीचे न घासलेले हेड, दोन्ही पेटीवर ठेवली. पुरती उघडझाप असता घासलेले हेड किंचित पुढे; पण पहिल्या तीन-चार मिलिमीटरांत ते मूळ हेडच्याही मागे. सीटची खालची कड गोल करून टाकली होती आणि आखूड बाजूस खळगा पडला होता. सीट नव्याने कापून घेतल्यावर आरंभीचा तोटा भरून निघाला. खळगा मात्र आहे तसाच आहे. घासून गेलेली धातू परत येत नाही. दोन-तीन मिलिमीटर आणखी खणले असते तर कदाचित कारागीर पाण्याच्या कप्प्यापर्यंत पोहोचला असता असे कोणी म्हणेल, परंतु ही गाडी हवेने थंड होणारी असल्याने तेवढ्यापुरते नशीब बलवत्तर.

झिलईविषयी आमचे मत स्पष्ट आहे: पेटीवर तिचा फरक जवळजवळ दिसत नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत तर आत येणारा पोर्ट थोडा खरबरीत असणेच बरे, म्हणजे भिंतीवर चिकटलेले ओले पेट्रोल पुन्हा हवेत मिसळते. धुराच्या पोर्टची झिलई चार दिवसांत काजळीखाली जाते. झिलई हाताचे कौशल्य दाखविते, हवेची सोय दाखवीत नाही, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांस तीच दिसत असल्यामुळे धंद्यात तिचा भाव फार वाढला आहे.

आणखी एक मोजमाप दवाखान्यातील सिरिंजने होते. व्हॉल्व्ह बंद करून पोर्टमध्ये किती मिलिलिटर पाणी मावते ते घासण्यापूर्वी व नंतर लिहावे. पाणी पुष्कळ वाढले आणि हवा वाढली नाही, तर बोळ नुसता रुंद झाला. त्यात हवेचा वेग मंदावतो, व कमी फेऱ्यांवर, म्हणजे रोजच्या रस्त्यावर, गाडीची ओढ जाते. हवा आणि आकारमान हे दोन आकडे शेजारी मांडल्यावाचून कोणत्याही पोर्टची स्तुती करू नये.

इतके सांगितल्यावर पेटीची मर्यादाही सांगितली पाहिजे. पेटीत हवा संथपणे, अखंड वाहते. इंजिनात मिनिटाला ६००० फेऱ्या असता तोच व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो व मिटतो, आणि पोर्टमध्ये हवेच्या लाटा पुढेमागे धावत असतात. मघाशी उल्लेख केलेल्या ‘ए-सीरिज’च्या हेडमध्ये चार सिलिंडरांस आत येण्याचे पोर्ट दोनच, पहिला-दुसरा सिलिंडर एकावर, तिसरा-चौथा दुसऱ्यावर. जळण्याचा क्रम १-३-४-२ असल्याने एका पोर्टवरचे दोन शेजारी लागोपाठ हवा मागतात, आणि एकाच्या वाट्याची हवा दुसरा पळवितो. पेटीवर आपण एका वेळी एकच व्हॉल्व्ह उघडतो, तेव्हा ही भाऊबंदकी तेथे दिसणारच नाही. शर्यतीच्या लोकांत एक ठोकताळा आहे की २८ इंचांवरील प्रत्येक घनफुटामागे प्रत्येक सिलिंडरास सुमारे पाव अश्वशक्ती मिळते. तो कॅमशाफ्ट, दाब, सायलेन्सर सर्व काही उत्तम जुळलेल्या इंजिनाची कमाल मर्यादा सांगतो. हेड बदलले की तेवढी शक्ती आली, असे त्यावरून कोणी गिऱ्हाइकास लिहून देऊ नये. पेटी एवढेच निश्चित सांगते की, काल होते त्याहून आज हे हेड अधिक हवा देते की कमी, आणि किती उघडझापेवर. घासणाऱ्यास तेवढे पुरेसे आहे.

कायद्याची बाजूही ध्यानात असावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीत मूळ रचनेहून वेगळा फेरफार करण्यावर निर्बंध आहे, आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या ‘बीएस-६’ नियमांनंतरच्या गाड्यांत हवा-इंधनाचे प्रमाण यंत्रच सांभाळीत असल्याने आपला कानसकाम त्या यंत्राच्या हिशेबात बसेलच असे नाही. शर्यतीच्या आवारातील गाडी आणि जुनी, जतन करून ठेवलेली गाडी, हे या कलेचे खरे क्षेत्र.

हेडबरोबर एक वही ठेवावी. तीत तारीख, चकतीचा सकाळ-संध्याकाळचा आकडा, किती इंचांवर मोजले, प्रत्येक मिलिमीटरास पाणी किती, पोर्टमध्ये मिलिलिटर किती, आणि मागील वेळेनंतर नेमके कोठे घासले, हे लिहावे. एका बैठकीत एकाच जागी हात लावावा व लगेच मोजावे. दोन ठिकाणी घासून मग मोजले तर कोणत्या घासण्याने काय झाले ते ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही. गिऱ्हाईक पैसे देते तेव्हा त्या पानांची नक्कल त्याच्या हाती द्यावी.

पेटी आम्ही बरोबर आणली आहे व ती मागील पडवीत मांडून ठेविली आहे. चहापानानंतर ज्यांनी आपली हेडे आणली असतील त्यांनी ती खुशाल मोजून घ्यावीत. मात्र न घासलेले जोडीचे हेड ज्यांच्याजवळ असेल त्यांचा क्रम आधी लागेल.